पुणतांब्यात २०३० साल

समीक्षक व्हायला दोनच गोष्टी लागतात. एक म्हणजे कोणी न विचारता मत देण्याची सवय, आणि दुसरी म्हणजे पुढच्या रांगेतली फुकट खुर्ची. पहिली माझ्याकडे उपजतच आहे. दुसरी गेल्या दिवाळीत पुणतांब्याला मावशीकडे मिळाली. खुर्ची वेताची होती आणि मधोमध खचलेली होती, पण समीक्षकाने बसकणीविषयी तक्रार करू नये. अडचण एवढीच झाली की पहिली गोष्ट त्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे माझ्यापेक्षा जास्त निघाली.

पुणतांब्याला उतरणारा माणूस सहसा पुणतांब्याचाच असतो. दौंड-मनमाड मार्गावरून शिर्डीचा फाटा इथून फुटतो म्हणून गावाला जंक्शनचा मान आहे खरा, पण डब्यातली मंडळी खिडकीतून पाटी वाचतात, "आता आलीच शिर्डी" म्हणतात आणि पुन्हा चिवड्याकडे वळतात. गोदावरी, अहिल्याबाईंचा घाट, चांगदेवांची समाधी, हे सगळं खिडकीच्या पलीकडेच राहतं. मी उतरलो तेव्हा शेजारचे गृहस्थ माझ्याकडे चुकून उतरलेल्या माणसाकडे पाहावं तसे पाहत होते.

मावशीचा नातू पुण्याहून आदल्या दिवशीच आला होता आणि येताना एक जाडजूड पेटी घेऊन आला होता. मावशीला वाटलं फटाके असतील. निघाल्या चकत्या. 'घोस्ट इन द शेल: स्टँड अलोन कॉम्प्लेक्स' नावाच्या जपानी ॲनिमे मालिकेचा हा संच, एकूण २६ भाग. घरात कीर्तनाच्या चकत्यांसाठी जपून ठेवलेला डीव्हीडी प्लेअर होता, तो पुसून पुढे आणला गेला. नावाचा अर्थ काय म्हणून मावशीने विचारलं, तर नातू म्हणाला, "कवचातलं भूत."

"लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर घरात भूत नको," मावशी म्हणाली.

शेवटी भुताचा 'आत्मा' करण्यात आला आणि मालिकेला प्रवेश मिळाला.

आता थोडी माहिती, कारण माहितीशिवाय समीक्षा केली तर तिला गप्पा म्हणतात. मासामुने शिरो या चित्रकथाकाराने १९८९ साली ही कथा सुरू केली, १९९५ साली मामोरू ओशीने तिच्यावर चित्रपट काढला, आणि २००२ साली केंजी कामियामाने ही मालिका दिग्दर्शित केली. आपल्याकडे जपानी चित्रपट्टी म्हटलं की दूरदर्शनवर १९९३ साली आलेला मोगली आठवतो, नाहीतर पोरांचा तो निळा बोका. त्यामुळे "चित्रं हलतात म्हणजे मुलांचं" हा आपला पक्का समज. इथे मात्र काळ २०३० आहे आणि माणसांनी आपले मेंदू तारांनी एकमेकांना जोडून घेतले आहेत. मेजर मोतोको कुसानागी नावाची एक बाई पोलिसांच्या 'नवव्या विभागा'ची तुकडी चालवते. तिचं सगळं शरीर कारखान्यात बनलेलं आहे. आतला आत्मा तेवढा तिचा, आणि तोही खरंच आपला आहे ना अशी शंका तिला अधूनमधून येते.

भाषा जपानी, नाहीतर इंग्रजी. नातू जमेल तसं मराठी करून सांगत होता. दहा मिनिटं गोळीबार झाला की "पळाला" एवढंच सांगायचा आणि दोन माणसं चहा घेत बसली की पाच मिनिटं त्याचं भाषांतर चालायचं. मालिकेबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे. ही माणसं बोलतात फार. आरामाकी नावाचा त्यांचा म्हातारा साहेब तर एकेका वाक्यात तीन खाती आणि दोन मंत्री आणतो. मेजरबाईंच्या पोशाखाबद्दल मी काही बोलणार नव्हतो, पण मावशी बोललीच. "एवढी मोठी अधिकारी, पगारही असेल, मग थंडीचं अंगभर काही घालत का नाही?" या प्रश्नाला जपानी रसिकांकडेसुद्धा उत्तर असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या रात्री देवळाकडचे बुवा आले. त्यांनी दोन भाग पाहिले आणि निकाल दिला, "यात नवीन काय? हे सगळं आमच्या चांगदेवांनी करून ठेवलंय."

मी मनात म्हटलं, झालं! आता पुष्पक विमान येणार. पण बुवांचा मुद्दा वेगळाच निघाला. मरणाची वेळ आली की योगबळाने प्राण ब्रह्मांडी चढवायचा आणि काळाला हात हलवत परत पाठवायचं, असं करून चांगदेव चौदाशे वर्षं जगले अशी कथा आहे. "म्हणजे कवच टिकवायची विद्या त्यांना साधली होती," बुवा म्हणाले. "पण ज्ञानोबांना पत्र लिहायला बसले तेव्हा मायना काय घालावा हेच कळेना. लहान म्हणून आशीर्वाद द्यावा तर ज्ञानाने मोठे, आणि नमस्कार करावा तर वयाने पोर. कागद कोराच धाडला. मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. तुमच्या त्या बाईचं तेच. शरीर पाहिजे तितकं बदलता येतंय, कागदावर काय लिहायचं ते कळत नाही."

मेजर कुसानागीवर मी बरंच उलटसुलट वाचलेलं आहे. एवढं नेमकं कुठे वाचल्याचं आठवत नाही.

तात्या आले ते कांद्याच्या भावावर बोलायला. मालिका चालू होती म्हणून नाइलाजाने बसले. बसले ते शेवटच्या भागापर्यंत उठले नाहीत. त्यांना धरून ठेवलं ते मालिकेतल्या मुख्य प्रकरणाने. नावातच सांगितल्याप्रमाणे यात काही भाग सुटे आहेत, १४, आणि १२ भाग मिळून एकच गुंता. तो गुंता 'हसऱ्या माणसा'चा. २०२४ साली (म्हणजे मालिकेतल्या. आपलं २०२४ येऊन गेलं, आणि कोणाच्या डोळ्यांत शिरायची गरज न पडता नुसत्या फोनवर खोट्या चित्रफिती पसरल्या) एक पोरगा एका कंपनीच्या मालकाला टीव्ही कॅमेऱ्यांसमोर पिस्तूल लावतो. पण बघणाऱ्यांच्या यांत्रिक डोळ्यांत शिरून त्याने आपला चेहरा पुसलेला असतो, त्या जागी सगळ्यांना एक हसरं वाटोळं चिन्ह दिसतं. पुढची सहा वर्षं 'हसरा माणूस' इकडे धमक्या देतो, तिकडे खंडणी मागतो. त्यातलं बहुतेक सगळं भलत्याच लोकांनी त्याच्या नावावर केलेलं. मूळ पोराचं म्हणणं साधं होतं. एका रोगावर उपयोगी पडणारी लस दाबून तिच्या जागी महागडा, कुचकामी यांत्रिक उपचार खपवला जातोय, ते कबूल करा. आणि गंमत अशी की हेही त्याचं स्वतःचं नव्हे, त्याला कोणाचं तरी पत्र सापडलं होतं. म्हणजे नकला हजार आणि अस्सल कोणीच नाही. मालिकेच्या नावातल्या 'एकेकट्यांच्या गुंत्या'चा अर्थ हाच.

नातू हे सगळं समजावून सांगता सांगता स्वतःच गुंतला. तात्या शांतपणे म्हणाले, "अरे, हा तर आमचा संप."

२०१७ च्या एप्रिलमध्ये पुणतांब्याच्या ग्रामसभेने ठराव केला की शेतकऱ्यांनी संपावर जायचं, आणि १ जूनला खरोखरच संप सुरू झाला. नोकरदार संपावर जातात, शेतकरी कसा जाणार, म्हणून आधी लोक हसले होते. मग महाराष्ट्रभर दूध रस्त्यावर आलं आणि शहरांत भाजी मिळेना. "आम्ही ठराव इथे केला," तात्या सांगत होते, "पण चार दिवसांत टीव्हीवर असली असली माणसं आमच्या वतीने बोलायला लागली की मी घरात विचारायचो, हा कोणत्या गल्लीतला? तीन तारखेला पहाटे मुंबईत काहींनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. तर राज्यभर लोक म्हणाले, तुम्ही कोण मागे घेणार? आणि संप चालूच. ज्यांनी काढला त्यांना विचारत कोणी नाही, ज्यांनी थांबवला त्यांचं ऐकत कोणी नाही. हे त्या जपान्याला २००२ सालीच कसं कळलं?"

"मग मालिका आवडली म्हणायची," मी विचारलं.

"अर्धीच आवडली. शेवटी तो पोरगा ग्रंथालयात जाऊन बसतो ना, ते त्याला परवडतं. आमच्यातल्यांना दुसऱ्या दिवशी गाईची धार काढायची होती." मग थोडं थांबून म्हणाले, "सातबारा कोरा करा म्हणालो होतो. दीड लाखापर्यंतचं माफ झालं, ते पण बसला त्याला. या गावात कोरं म्हणून गाजलं ते एकट्या चांगदेवांचं पत्र."

राहिली मावशी. मावशीचे दोन्ही गुडघे बदललेले, डोळ्यांत मोतीबिंदूनंतरची भिंगं आणि दात रात्री वाटीत. मेजरबाईंची ओळख पटल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी पण थोडी हीच की रे." आणि लगेच, "पण हिचं काही दुखत नाही ना? मग पाऊस येणार हे हिला कळतं कसं?"

तिचा जीव जडला तो ताचिकोमांवर. ही निळी, चार पायांची, कोळ्यासारखी दिसणारी आणि लहान मुलांच्या आवाजात बडबडणारी लढाऊ यंत्रं आहेत. रात्री सगळ्यांच्या आठवणी एकत्र करून सारख्या वाटल्या जातात, म्हणजे एकाने पाहिलेलं सगळ्यांना ठाऊक. तरीही हळूहळू प्रत्येकाचा स्वभाव निराळा व्हायला लागतो. एक तर पुस्तकं वाचतो. बातू नावाचा दांडगा शिपाई आपल्या लाडक्या यंत्राला चोरून चांगल्यातलं तेल पाजतो. मावशीला हे अगदी रास्त वाटलं.

मावशीचे यजमान, आमचे अण्णा, भिंतीशी पलंगावर बसलेले असायचे. ते साखर कारखान्यात हिशेबनीस होते, पैचा घोळ सहन न होणारे. आता तीन वर्षं झाली, सकाळी उठले की हे घर कोणाचं इथपासून सुरुवात असते. मावशी चहा होईपर्यंत सगळं सांगते. घर, मुलं, कोण कुठे असतं, कोण गेलं. संध्याकाळपर्यंत त्यातलं बरंच सांडतं. वाती वळता वळता ती पडद्याकडे बघत म्हणाली, "यांचं बरं आहे. रात्रीतून सगळ्यांना सगळं कळतं. इथे सांगणारी मी एकटीच." कोणी काही बोललं नाही. नातवाने आवाज उगाचच थोडा वाढवला.

पंचविसाव्या भागात बातू मेजरच्या मुक्कामावर जातो. कशाला, तर तिचं मनगटी घड्याळ आणायला. जिचं शरीर कधीही नवं मिळू शकतं तिचं एक जुनं घड्याळ, आणि त्यापायी हा सैनिकांच्या वेढ्यात सापडतो. तेव्हा मोडीत काढलेल्यांपैकी तीन ताचिकोमा कुठून कुठून धडपडत त्याला वाचवायला येतात आणि तिघंही नष्ट होतात. मावशी पदराने डोळे पुसत होती. यंत्रांसाठी काय रडायचं, असं मी म्हणणार होतो, पण आवाज नीट निघेल याची खात्री नव्हती. बातूचं मला पटलं नव्हतं, आणि मी ते मोठ्याने बोललो. कथेची एवढी घट्ट वीण असताना एका घड्याळासाठी अनुभवी शिपाई असा सापळ्यात जाईल? हा लेखकाचा सैलपणा आहे.

"जाणारच," पलंगावरून आवाज आला.

आठ दिवसांत अण्णा पहिल्यांदाच मालिकेवर बोलले. त्यांच्या हातात एचएमटीचं चावीचं घड्याळ आहे. त्याला रोज चावी द्यायची एवढं मात्र त्यांना कोणी सांगावं लागत नाही.

"घड्याळ असं टाकून जात नाहीत," ते म्हणाले. मनगट कानाशी नेऊन त्यांनी क्षणभर ऐकलं आणि मग नातवाकडे बघत विचारलं, "तू कोणाचा रे?"

नातवाने स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आणि शेवटचा भाग लावला.