ऐकणारा नट

अशोक सराफ यांच्याविषयी मराठीत जे काही लिहिले जाते त्यात एक शब्द हटकून येतो: टायमिंग. २०२४ च्या जानेवारीत त्यांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार जाहीर झाला, पुढच्या वर्षी पद्मश्री आली, आणि दोन्ही वेळच्या गौरवलेखांत हाच शब्द फिरत राहिला. जोडीला ‘विनोदाचा बादशहा’ आणि ‘सगळ्यांचे लाडके अशोकमामा’. अर्धशतकाहून अधिक काळच्या कामाचे मूल्यमापन अशा तीन ठोकळेबाज शब्दांत आटोपले की लिहिणाऱ्याला पाहण्याचे कष्ट उरत नाहीत. वाक्य नेमक्या क्षणी टाकणे म्हणजे टायमिंग. विनोदी नटाला ते यावेच लागते, जसे गवयाला सुरात गावेच लागते. पण केवळ सुरात गातो म्हणून कुणाची मैफल लक्षात राहत नाही.

सराफांचे मोठेपण वाक्य टाकण्यात नाही, समोरच्याचे वाक्य झेलण्यात आहे. मराठी विनोदी नटांच्या परंपरेत बोलणारे पुष्कळ झाले. दामुअण्णा मालवणकर नुसते उभे राहिले तरी लोक हसत. राजा गोसावींचा गोडवा आणि शरद तळवलकरांची तारांबळ सर्वांना पाठ आहे. सराफ या रांगेत ऐकणारा नट म्हणून वेगळे पडतात. दुसऱ्याचे बोलणे कानावर पडून त्याचा अर्थ डोक्यात शिरेपर्यंत जो अर्धा क्षण जातो, तो त्यांनी आपल्या अभिनयाचा मुलूख केला.

त्यांचा जन्म ४ जून १९४७ चा, मुंबईतला. मामा गोपीनाथ सावकार नाट्यनिर्माते आणि दिग्दर्शक, त्यामुळे रंगभूमी घरचीच. शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’त त्यांना विदूषकाची भूमिका मिळाली. संगीत नाटकातल्या विदूषकाचे काम वाटते तितके बोलके नसते. राजा बोलतो, राजा गातो, आणि पद संपेपर्यंत विदूषकाला रंगमंचावर जिवंत राहावे लागते. तिथे हात कुठे ठेवायचे हे ज्याला कळले त्याला पुढे कॅमेऱ्याची भीती वाटत नाही. नाटकाच्या बरोबरीने स्टेट बँकेतली नोकरी होती, आणि तीही फुकट गेली नाही. सराफांची कितीतरी पात्रे खोटे बोलतात, पण ती कारकुनाच्या गांभीर्याने बोलतात: रकाने भरावेत तसे, खाडाखोड न करता.

‘जावई विहीर’ आणि ‘दोन्ही घरचा पाहुणा’ या सुरुवातीच्या चित्रपटांनी फारसे काही घडले नाही. घडले ते १९७५ च्या ‘पांडू हवालदार’मध्ये. दादा कोंडके हे मुळात वगनाट्यातले सोंगाडे. वाक्य बोलून झाले की त्यांची नजर प्रेक्षकांकडे जाई, दुसरा अर्थ पोचला की नाही हे पाहायला. बतावणीत अशा सोंगाड्यासमोर सरळ उभा राहणारा एक जण लागतो. तो ढिला पडला तर सोंगाड्याची थट्टा हवेत विरते. सखाराम हवालदार झालेल्या सराफांनी ती जागा घेतली. दादा प्रेक्षकांकडे पाहून बोलत, सराफ दादांकडे पाहून ऐकत. दोन वर्षांनी ‘राम राम गंगाराम’मध्ये म्हमदू खाटिक करताना त्यांनी सरळपणाला एक लय दिली, आणि सोंगाड्याच्या चित्रपटात दुसरा माणूसही लक्षात राहू लागला. दादांच्या नावावर पुढे जी द्व्यर्थी चित्रपटांची पिलावळ निघाली तिच्यावर शाई खर्चण्यात अर्थ नाही.

त्याच सुमारास विजया मेहता यांनी अनिल बर्वे यांचे ‘हमीदाबाईची कोठी’ बसवले. भारती आचरेकर, नीना कुलकर्णी, नाना पाटेकर यांच्याबरोबर सराफ त्या नाटकात होते. आज त्यांना ‘विनोदी नट’ एवढ्याच खान्यात बसवणाऱ्यांना हे नाटक आठवत नाही, किंवा आठवले तरी सोयीचे वाटत नाही. विजयाबाईंच्या तालमीत नटाला उगाच हलायची मुभा नसे. त्या शिस्तीतून गेलेला नट पुढे व्यावसायिक चित्रपटाच्या धांदलीतही स्थिर उभा राहू शकला, याचा संबंध कुणी तपासून पाहिलेला नाही.

१९८२ च्या ‘एक डाव भुताचा’मध्ये सराफ भूत आहेत आणि दिलीप प्रभावळकर मास्तर. भुताचे काम म्हटल्यावर नट हातपाय पसरणार हे ठरलेलेच. सराफांचे भूत मात्र माणसांतल्या रीतिभातींविषयी कमालीचे गंभीर आहे. रंजना यांच्याबरोबरच्या ‘गोंधळात गोंधळ’ आणि ‘बिनकामाचा नवरा’ या चित्रपटांतही हेच दिसते: ती कडाडते, तो ऐकतो, आणि ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावर पळवाटेचा नकाशा उमटू लागतो. मराठी पडद्यावर नवराबायकोचे भांडण इतके बरोबरीचे क्वचितच झाले आहे.

१९८४ नंतरचे दशक सर्वपरिचित आहे. सचिन पिळगावकर आणि महेश कोठारे यांनी मराठी चित्रपट तमाशाच्या फडातून काढून शहरातल्या भाड्याच्या खोलीत आणला. कथा बहुधा उसन्या होत्या. कोठारेंचा ‘धूमधडाका’ (१९८५) हिंदीतल्या ‘प्यार किये जा’वरून आला, आणि तो हिंदी चित्रपटही तमिळवरून आलेला. त्या उसन्या घरात सराफांनी जे केले ते मात्र अस्सल होते. ‘धूमधडाका’त श्रीमंत म्हाताऱ्याचे सोंग घेतल्यावर पाइपच्या ठसक्यातून ते एक अर्थहीन उच्चार काढतात. तो उच्चार आज शाळकरी पोरांनाही येतो, पण तो तिथे का आहे ते कुणी विचारत नाही. सोंग घेतलेल्या त्या माणसाला श्रीमंतांची भाषा येत नाही. पुढचे खोटे सुचेपर्यंत वेळ काढायला त्याला काहीतरी हवे, म्हणून तो खोकतो. खोकला हा त्याचा विचार करण्याचा आवाज आहे. नक्कल करणारे नेमका हा विचारच गाळतात आणि नुसते खोकत बसतात.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) ही या कलेची सर्वांत भरघोस खूण. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून वसंत सबनीसांनी पटकथा लिहिली. ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्या सबनीसांना सोंगाड्याला समोर काय लागते हे पक्के ठाऊक होते. साडी नेसायला सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे आहेत. सराफांच्या धनंजय मानेला सोंग नाही. त्याच्याकडे फक्त व्यवस्था आहे. चौघांचे भाडे, चौघांची खोटी नाती, घरमालकाचा संशय, दुकानातली मालकीण, हे सगळे तो एकटा सांभाळतो. आजारी मित्राच्या औषधासाठी सुधीर जोशींच्या सरपोतदारांकडून घेतलेले सत्तर रुपये मित्राबरोबरच गेले, हे तो ज्या सुतकी स्वरात सांगतो तो स्वर ऐकावा. त्यात फसवणुकीचा आनंद कुठेही नाही. माने त्या क्षणी खरोखर दुःखी आहे, रुपयांसाठीही आणि नसलेल्या मित्रासाठीही. बायको म्हणून साडीतल्या बेर्डेंची, म्हणजे पार्वतीची, ओळख करून देताना त्याचे व्याकरण चुकते, तेव्हाही तो जीभ चावत नाही, की प्रेक्षकांकडे चोरून पाहत नाही. वहीत चुकीचा आकडा पडला तर मुरलेला कारकून जसा त्यावर शांतपणे दुसरा आकडा गिरवतो, तसा तो पुढे जातो.

याच चित्रपटात बेर्डे आहेत, आणि दोघांत मोठे कोण हा वाद मराठी घरांत अजून चालतो. बेर्डे यांची ऊर्जा बाहेर फेकलेली होती. ती ठिणगीसारखी पडे आणि विझे. ‘एक होता विदूषक’मध्ये (१९९२) पु. ल. देशपांडे आणि जब्बार पटेल यांनी त्या ऊर्जेमागचे एकटेपण दाखवले, तो एक अपवाद. पण बनवाबनवीतला कोणताही समोरासमोरचा प्रसंग आवाज बंद करून पाहिला तर डोळा बोलणाऱ्या बेर्डेंवर ठरत नाही, ऐकणाऱ्या सराफांवर ठरतो. बेर्डेंच्या परशाने घातलेला घोळ प्रेक्षकाला आधी मानेच्या कपाळावर दिसतो.

दूरचित्रवाणीवर हीच गोष्ट ‘हम पांच’ने (१९९५) देशभर नेली. आनंद माथुर या बापाला पाच मुली, एक हयात बायको आणि भिंतीवरच्या तसबिरीतून बोलणारी पहिली बायको. प्रिया तेंडुलकर चौकटीतून टोमणे मारत आणि सराफ भिंतीकडे पाहून हताश होत. तसबिरीशी संसार करायचा तर नटाला ऐकण्यावाचून दुसरे हत्यार नसते. हिंदीभाषक प्रेक्षकांना मराठी नटाने केलेल्या मध्यमवर्गीय बापाची दमणूक इथे कळली, आणि ती कळायला भाषांतर लागले नाही. एरवी हिंदी चित्रपटाने त्यांना मुन्शीजी आणि हवालदार यांपलीकडे फारसे काही दिले नाही. ‘करण अर्जुन’ ते ‘सिंघम’ हा प्रवास एवढ्यातच संपतो.

गंभीर भूमिकांचा उल्लेख गौरवलेखांत शेवटच्या परिच्छेदात, तोंडी लावण्यापुरता येतो. ‘चौकट राजा’तला (१९९१) गणा, संजय रावल यांच्या ‘वजीर’मधील भूमिका, पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘भस्म’मधला मसणजोगी, ‘कळत नकळत’मधला मामा. या भूमिकांत त्यांनी ‘विनोद बाजूला ठेवला’ असे म्हटले जाते. हे विधानच चुकीचे आहे. झोपडपट्टीत नंदूला सांभाळणारा गणा आणि चौघांना सांभाळणारा माने यांत अभिनयाच्या दृष्टीने काडीचे अंतर नाही. दोघेही दुसऱ्याचा गोंधळ आपल्या खांद्यावर घेतात. एका ठिकाणी प्रेक्षक हसतो, दुसऱ्या ठिकाणी हसत नाही, एवढेच. विनोदी आणि गंभीर ही वाटणी पुरस्कार देणाऱ्यांच्या सोयीची आहे. सराफांच्या कामात ती सापडत नाही.

उणे काहीच नाही असे नव्हे. नव्वदच्या दशकातल्या अनेक चित्रपटांत संहिता इतकी पोकळ होती की झेलायला समोरून वाक्यच येत नसे. अशा वेळी सराफ आवाज चढवतात, हातवारे वाढवतात आणि आपलीच नक्कल करतात. पण त्याचा दोष एकट्या नटाच्या माथी मारता येणार नाही. मराठी निर्मात्याला हुकमी नट सापडला आणि त्याने लेखकाचे पैसे वाचवले. ‘सराफ आहेत, ते करतील काहीतरी’ या भरवशावर चित्रपट उभे राहिले. ‘आयत्या घरात घरोबा’सारख्या (१९९१) चित्रपटात बंद बंगल्यात बिनदिक्कत राहणाऱ्या माणसाला सबंध कथा मिळाली तेव्हा काय होऊ शकते हे दिसले होते. ते पाहूनही धडा घेतला गेला नाही.

आज हीच चूक वारसा या नावाने मिरवली जाते. दाराबाहेर उभे राहून धनंजय मानेचा पत्ता विचारणारे वाक्य मोबाइलच्या पडद्यावर, टी-शर्टवर, लग्नपत्रिकेच्या मजकुरात येते. दूरचित्रवाणीवरच्या प्रहसनांच्या कार्यक्रमांत दर आठवड्याला कुणीतरी सराफांची मान आणि सराफांचा खोकला करून दाखवतो, आणि समोर बसलेले परीक्षक खुर्चीवरून कोसळतात. त्या प्रहसनांत प्रत्येक जण बोलतो. ऐकायला कुणीही नेमलेला नसतो, कारण हसण्याचे कामही आधीच वाटून दिलेले असते. सात मिनिटांच्या प्रहसनाला अर्धा क्षण परवडत नाही. ज्याने अर्ध्या क्षणावर आपली कला उभी केली त्याचा वारसा तिथे चालतो, असे म्हणणे ही निव्वळ थाप आहे, आणि ती मानेच्या थापांइतकी प्रामाणिकही नाही.

वारसा दाखवायचाच असेल तर तो रंगमंचावर दाखवावा. सत्तरी ओलांडल्यावर सराफ ‘व्हॅक्यूम क्लीनर’ या नाटकात निर्मिती सावंत यांच्यासमोर उभे राहिले. त्या नाटकात नवराबायकोची अदलाबदल होते: नवऱ्यात बायको येते, बायकोत नवरा. दुसऱ्या नटाने पकडलेले आपले पात्र ऐकून परत करायचे, अशी ही परीक्षा. बाईची नक्कल करून टाळ्या मिळवण्याचा सोपा रस्ता उघडा असताना सराफ तिथे बाईचा वैताग करतात. होतकरू नटांना अभिनयाच्या कार्यशाळेचे शुल्क भरण्याऐवजी या नाटकाचे तिकीट काढायला सांगावे.

२०२४ च्या अखेरीस ‘अशोक मा. मा.’ या दैनंदिन मालिकेसाठी ते पुन्हा कॅमेऱ्यासमोर आले, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी. त्यांचे ‘मी बहुरूपी’ हे आत्मकथन आहे. आठवणी आणि किस्से त्यात आले. राहिले आहे ते वेगळेच काम: एखाद्या नाट्यशिक्षण संस्थेने त्यांना पडद्यासमोर बसवून बनवाबनवी प्रसंगागणिक थांबवत दाखवावी, आणि इथे काय ऐकू आले म्हणून चेहरा असा झाला, हे विचारून ध्वनिमुद्रित करून ठेवावे. या कामाला पुरस्काराची शाल लागत नाही. दोन खुर्च्या, एक पडदा आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बसू शकणारा एक माणूस एवढे पुरेसे आहे.