शेवट ठाऊक असलेली गोष्ट

लहानपणी आम्ही देवळात कीर्तनाला जात असू. सीतास्वयंवराचे आख्यान लागले की धनुष्य कोण मोडणार हे आम्हां पोरांनाही पाठ असे. तरी रावण ते उचलायला पुढे सरसावला की छाती धडधडू लागे. जिम लोव्हेल २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये निवर्तले, तेव्हा रॉन हॉवर्ड यांचा १९९५ सालचा ‘अपोलो १३’ हा बोलपट मी घरी पुन्हा लावला आणि इतक्या वर्षांनी ती धडधड पुन्हा अनुभवली. तिघे जण सुखरूप परतले, हे जगाला १९७० सालापासून ठाऊक आहे. तरी यान वातावरणात शिरते, आवाज बंद पडतो, आणि शेजारी बसलेली माझी नात माझा हात घट्ट धरते! मीही काही सोडवून घेतला नाही.

हकीकत थोडक्यात अशी. ११ एप्रिल १९७० रोजी लोव्हेल, फ्रेड हेज आणि जॅक स्विगर्ट चंद्राकडे निघाले. १३ तारखेच्या रात्री, पृथ्वीपासून सुमारे ३ लक्ष ३० हजार किलोमीटरांवर, प्राणवायूची एक टाकी फुटली व दुसरीही गळू लागली. यानातली वीज आणि पाणी याच वायूच्या आधाराने तयार होत असल्यामुळे श्वासाबरोबर दिवाही विझण्याची वेळ आली. चंद्रावर उतरण्यासाठी बरोबर घेतलेले छोटे यान दोन माणसांना दोन दिवस पुरेल अशा बेताचे. त्यात तिघांनी जवळजवळ चार दिवस कुडकुडत काढले. चंद्राला वळसा घालून १७ एप्रिलला ते प्रशांत महासागरात उतरले.

या बोलपटातला सर्वांत सुंदर प्रसंग अंतराळात घडत नाही. तो घडतो ह्यूस्टनमधल्या एका टेबलावर. श्वासावाटे साठणारा कर्बवायू शोषून घेणारे डबे मोठ्या यानात होते चौकोनी, आणि छोट्या यानातली तोंडे गोल. एका डब्याचे झाकण दुसऱ्याला बसत नाही, हे दुःख आमच्या स्वयंपाकघरात नित्याचे. येथे त्यावर तीन प्राण अवलंबून आहेत. एक अभियंता खोक्यातल्या वस्तू टेबलावर ओततो. यानात जे आहे तेवढेच घ्यायचे: प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुस्तकांचे पुठ्ठे, नळी, चिकटपट्टी, एक पायमोजा! विज्ञानाचा एवढा डोलारा शेवटी गृहिणीच्या काटकसरीपाशी येऊन उभा राहतो. दिग्दर्शकाने हे कसलाही आव न आणता दाखविले आहे, म्हणूनच ते मनात ठसते.

तशीच खरेपणाची हौस तरंगण्याच्या दृश्यांत दिसते. आकाशातून झेपावणाऱ्या खऱ्या विमानात, एकेका झेपेत मिळणाऱ्या पंचवीसेक सेकंदांच्या भारहीन अवस्थेत, ती चित्रित केली आहेत. घरी वाट पाहणारी मॅरिलिन कॅथलीन क्विनलन हिने फार संयमाने उभी केली आहे. आणि लोव्हेलच्या आईच्या भूमिकेत दिग्दर्शकाने स्वतःच्याच आईला घेतले आहे. घरचे माणूस म्हणून नाक मुरडावे, तर म्हातारीने तेवढ्या वेळात साऱ्यांना मागे टाकलेले!

मग माझी तक्रार कशाबद्दल? स्विगर्टबद्दल. केन मॅटिंग्ली याला जर्मन गोवराचा संसर्ग झाला असेल या भीतीने ऐनवेळी वगळले आणि स्विगर्टला घेतले, हे खरे. (मॅटिंग्लीला गोवर आलाच नाही!) पण बोलपटात स्विगर्ट हा जरा कच्चा गडी वाटतो. सोबत्यांचा त्याच्यावर विश्वास नाही, आणि पुढे हेजशी त्याची चांगलीच जुंपते. हे भांडण लेखकांनी रचलेले आहे. प्रत्यक्षात मोठे यान बिघडले तर काय करावे, याच्या कार्यपद्धती तयार करण्यात स्विगर्टचा मोठा हात होता. संघर्षावाचून नाट्य नाही, हे मलाही मान्य. परंतु थंडी, काळोख आणि संपत चाललेली वीज हे तीन शत्रू समोर असताना चौथा घरातून काढण्याची गरज काय होती? स्विगर्ट १९८२ सालीच कर्करोगाने वारला. आपली बाजू सांगायला तो उरला नव्हता. जिवंत माणसाच्या बाबतीत लेखकाची लेखणी एवढी सैल सुटली असती का, असे माझ्या मनात येते.

जमिनीवरही तोच प्रकार. एड हॅरिसचा जीन क्रान्झ पाहावा असा आहे. पण स्फोटानंतर तासाभरातच सूत्रे ग्लिन लनी याच्या हाती गेली होती आणि चार तुकड्या पाळीपाळीने राबत होत्या, हे कळायला मार्ग नाही. अपयशाला वाव नाही अशा अर्थाचे ते गाजलेले वाक्य क्रान्झच्या तोंडी पटकथालेखकांनी घातले. गंमत अशी, की पुढे २००० साली क्रान्झनी आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिले! आणि स्फोटाचे मूळ? टाकीतली कळ २८ व्होल्टांसाठी बनवलेली, तळावरच्या चाचणीत वीज दिली ६५ व्होल्टांची. आतली तारांवरची आवरणे जळाली आणि कोणाच्या ध्यानात आले नाही. यात केवढी शोकांतिका दडली आहे! बोलपट मात्र सदोष भागाचा ओझरता उल्लेख करून शेवटी हे दोन वाक्यांत उरकतो.

एवढे बोलूनही सांगतो, मुलांना घेऊन जरूर पाहा. आणि शेवटी जहाजावर टॉम हॅन्क्सशी हस्तांदोलन करणाऱ्या गणवेशातल्या गृहस्थांकडे नीट लक्ष द्या. ते खुद्द लोव्हेल आहेत. हॉवर्डनी त्यांना अ‍ॅडमिरल व्हायला सांगितले होते. आपण कॅप्टन म्हणून निवृत्त झालो, तेव्हा कॅप्टनच राहू, असे म्हणून त्यांनी आपला जुना गणवेश चढविला.