सरासरीत हरवलेला अर्धा तास

गेले दोन आठवडे थिसिसचं तिसरं प्रकरण बाजूला ठेवून मी तुतिकोरिनच्या स्टरलाइट प्रकरणाचे निकाल आणि अहवाल वाचत बसले आहे. गाईडना अजून सांगितलेलं नाही. हवेतला सल्फर डायऑक्साइड मोजणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, त्यामुळे वेळ अगदीच वाया गेला असंही नाही. पण वाचता वाचता जे खटकलं ते तुमच्यासमोर मांडते.

थोडी पार्श्वभूमी. हा तांब्याचा कारखाना आधी आपल्या रत्नागिरीत यायचा होता. 1992 मध्ये जमीन मिळाली, बांधकाम सुरू झालं, लोक रस्त्यावर उतरले आणि 1993 मध्ये काम थांबवावं लागलं. पुढच्याच वर्षी तमिळनाडूत तुतिकोरिनला पायाभरणी झाली. विरोध तिथेही पहिल्यापासून होता, मच्छीमार त्यात पुढे होते. 2018 मध्ये कारखान्याची क्षमता दुप्पट करायची ठरली तेव्हा आसपासच्या गावांनी पुन्हा धरणं धरलं. 22 मे 2018, आंदोलनाचा शंभरावा दिवस. जिल्हाधिकारी कार्यालयाकडे निघालेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. 13 जणांचा जीव गेला. आठवड्याभरात राज्य सरकारने कारखाना कायमचा बंद करण्याचा आदेश काढला.

म्हणजे वीसेक वर्षं लोक म्हणत होते घसा जळतो, डोळे चुरचुरतात, आणि कागद बऱ्याचदा सांगत होते की सगळं मर्यादेत आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का? असू शकतं. कसं ते बघा.

तांब्याच्या खनिजात ढोबळमानाने तांब्याइतकंच गंधक असतं. भट्टीत ते जळून सल्फर डायऑक्साइड होतो, आणि तो पकडून सल्फ्युरिक ॲसिड बनवतात. वर्षाला 4 लाख टन तांबं धरलं तर दिवसाला दोन हजार टनांवर वायू तयार होतो. त्यातला 99.9 टक्के पकडला तरी दोन टन धुराड्यातून जातोच. आणि हे सगळं सुरळीत चालू असताना. ॲसिडचा प्लांट मध्येच बंद पडला किंवा नव्याने सुरू केला, की थोड्या वेळात बराच वायू एकदम बाहेर पडू शकतो. वारा गावाकडे असेल तर गावाला तो अर्धा तास मिळतो.

आता आपल्याकडचं मानक. सल्फर डायऑक्साइडसाठी 24 तासांची सरासरी घनमीटरला 80 मायक्रोग्रॅम, वर्षाची 50. तासाभराचं मानकच नाही. समजा दिवसभर हवेत 15 मायक्रोग्रॅम आहे आणि पहाटे अर्धा तास 1500. दिवसाची सरासरी किती? वही काढून करून बघा, साधारण 46 येते. पास! जागतिक आरोग्य संघटना 10 मिनिटांसाठी 500 ची मर्यादा सांगते, तिच्या तिप्पट हवा लोकांनी अर्धा तास घेतली, दम्याचा रुग्ण असेल तर त्याचं काय झालं ते घरच्यांना विचारा. अहवालात मात्र '46'. यात कोणी खोटं बोललेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो.

नागपूरच्या नीरीचे अहवाल या चष्म्यातून वाचायला हवेत. नोव्हेंबर 1998 चा अहवाल कारखान्यावर कडक होता, त्यावर मद्रास उच्च न्यायालयाने कारखाना बंद करायला सांगितलं. काही दिवसांतच कारखाना पुन्हा चालू झाला, नीरीने पुन्हा पाहणी केली आणि फेब्रुवारी 1999 चा अहवाल बराच सौम्य आला. संस्था तीच, कारखाना तोच, मध्ये तीन महिने. माझ्या प्रयोगशाळेत दोन रीडिंगमध्ये एवढा फरक आला तर गाईड पहिला प्रश्न विचारतील, मध्ये काय बदललं? तपासणीची तारीख आधीच माहीत असताना भट्टी कशी चालवली जाते, हे विचारायला रसायनशास्त्र लागत नाही.

2010 मध्ये उच्च न्यायालयाने पुन्हा बंदीचा निकाल दिला, तो 2 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. प्रदूषण झाल्याचं मान्य केलं आणि 100 कोटींची भरपाई लावली. हा आकडा कंपनीच्या आर्थिक ताकदीकडे बघून ठरला. कोणत्या गावात किती लोकांनी किती काळ काय श्वासात घेतलं, यावरून तो ठरला नाही. ठरणार तरी कसा, तसं मोजलंच नव्हतं. निकालाच्या दहाच दिवस आधी, 23 मार्चला, शहरात पुन्हा घसे जळाल्याच्या तक्रारी आल्या होत्या.

गोळीबाराचं वाचताना मी थांबले ते इथे. न्यायमूर्ती अरुणा जगदीशन आयोगाचा अहवाल 2022 मध्ये विधानसभेत मांडला गेला. गोळीबाराला चिथावणी नव्हती, पळणाऱ्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या असं त्यात म्हटलंय, आणि 17 पोलिसांवर कारवाईची शिफारस आहे. त्याआधी 2018 मध्येच रॉयटर्सने शवविच्छेदनाचे अहवाल तपासले होते. गोळीने मेलेल्या 12 जणांना ती डोक्यात किंवा छातीत लागली होती, आणि त्यातल्या निम्म्यांना मागून. गोळी कुठून शिरली याची 24 तासांची सरासरी काढता येत नाही. पहाटेचा वायू असा पुरावा ठेवून जात नाही, वारा फिरला की गेला.

आंदोलकांचं सगळंच मला पटतं असं नाही. कॅन्सरचे दावे ज्या ठामपणे केले गेले, तेवढा ठामपणा मी वाचलेल्या पुराव्यात नाही. आणि कारखाना बंद झाल्यावर तांबं निर्यात करणारा देश आयातदार झाला, कामगारांचे रोजगार गेले, हेही खोटं नाही. पण पुरावा गोळा करण्याची यंत्रं, परवानग्या आणि पैसा कोणाकडे होता? गावकऱ्यांकडे नव्हता. त्यांच्याकडे नाक होतं, आणि अर्ध्या तासाच्या घटनेसाठी 24 तासांच्या सरासरीपेक्षा नाक बरं.

फेब्रुवारी 2024 मध्ये कारखाना पुन्हा सुरू करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयानेही फेटाळली. तासाभराचं मानक मात्र या सगळ्यातून आलेलं नाही. तुमच्या शहरात हवेचं स्वयंचलित केंद्र असेल तर केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर दर 15 मिनिटांचे आकडे मिळतात. दिवसाचा आकडा सोडा, ते उतरवून घ्या आणि पहाटे तीन ते सहा बघा. काही विचित्र दिसलं तर मला पाठवा, आलेख मी काढून देते.