‘कल्ब’ आणि आमचें ‘हृदय’

अरबी ‘कल्ब’ या शब्दासाठीं आमचे लेखक सहसा ‘हृदय’ हा शब्द योजून पुढें जातात. आमच्या मतें या सोयीनें मूळ विचाराची हानि होते. इंग्रजी काव्याच्या सहवासानें आम्हां सुशिक्षितांस, हृदय हें भावनेचें माहेर आणि बुद्धि तिची सवत, असें मानण्याची खोड जडली आहे. कुराणांत ही वांटणी नाहीं. तेथें मनुष्य समजून घेतो तेंही हृदयानेंच. बाविसाव्या अध्यायाचा अभिप्राय तर असा कीं, खरें आंधळेपण डोळ्यांचें नसून छातींतील हृदयाचें असतें. शिवाय ‘कल्ब’ ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ उलटणें, फिरणें. ज्ञानाचें साधन, आणि तेंच अस्थिर!

या विषयाचें फार मार्मिक विवेचन गझालीनें (मृत्यु इ. स. ११११) केलें आहे. तो शाफई मताचा शास्त्री. रत्नागिरीकडील कोंकणी मुसलमानही बहुतांशीं त्याच मताचे, तेव्हां आम्हांस तो अगदींच दूरचा नव्हे. त्याच्या ‘इह्या’ ग्रंथांत तळ्याचा दृष्टान्त आहे. पांच पाट बाहेरून पाणी आणतात, तीं इंद्रियें. पण पाट बंद करून तळ खणला, तर आंतूनच अधिक निर्मळ झरा फुटतो. वैशाखांत विहिरीचा गाळ उपसणाऱ्या कोंकणच्या माणसास हें समजावून सांगावयास नको. दुसरा दृष्टान्त आरशाचा. आरशास गंज कसा चढेल, असें आजचा विद्यार्थी विचारील. त्या काळचे आरसे धातूचे असत. दुष्कर्म हा हृदयावरील गंज, ही कल्पना मूळ कुराणांतीलच. तिचा निष्कर्ष कठोर आहे. पापाची शिक्षा पुढें केव्हां मिळेल ती मिळो. सत्य दिसेनासें होणें ही शिक्षा पापाबरोबरच सुरू होते.

मग प्रतिशब्द कोणता घ्यावा? ‘अंतःकरण’ म्हणजे आंतील साधन. तो शब्द पुष्कळच जवळचा. तथापि वेदान्तांतील अंतःकरण जड असून आत्म्याच्या प्रकाशानें प्रकाशतें, तर गझालीच्या मतें हृदय हेंच मनुष्याचें चैतन्यमय सत्त्व होय. हा भेद बुजवूं नये. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीं शके १५६७ मध्यें ‘योगसंग्राम’ पूर्ण केला. जिवानें आंतल्या शत्रूंशीं मांडलेलें हें युद्ध पुष्कळ वाचक केवळ भागवत परंपरेच्या मापानें मोजतात, आणि शेख महंमदांचे गुरु चांद बोधले यांचा कादिरी सूफी संबंध विसरतात. तो ग्रंथ वाचतांना एका हातीं वेदान्त असेल, तर दुसऱ्या हातीं गझालीचें हें प्रकरण असावयास हवें.