नावे जपणारे पत्र

१९३५ नंतरची काही वर्षे अमेरिकेत ‘बिग बँड’ची, म्हणजे मोठ्या नृत्यवाद्यवृंदांची होती. या व्यवसायाची स्वतःची वृत्तपत्रे होती. १९३४ साली शिकागोत निघालेले ‘डाऊन बीट’ हे त्यांपैकी प्रमुख. कोणता वृंद कोठे वाजवतो, कोण कोणाला सोडून गेला, हे त्यांनी सांगावे आणि वाद्यांच्या जाहिरातींवर तगावे, असा तो व्यवहार.

त्याच काळात, सप्टेंबर १९३९ मध्ये, न्यूयॉर्कला ‘जॅझ इन्फर्मेशन’ हे चिमुकले पत्र निघाले. यूजीन विल्यम्स, राल्फ ग्लीसन आदी तरुणांनी ते चक्रमुद्रित साप्ताहिक म्हणून सुरू केले. नोव्हेंबर १९४१ मध्ये ते थांबलेही. एवढ्यावरून त्यास अयशस्वी ठरवावे काय? आम्हांस तसे वाटत नाही.

त्या काळी तबकडीवर बहुधा वृंदप्रमुखाचेच नाव छापले जाई. ट्रम्पेट कोणी फुंकला, पियानोवर कोण होते, हे श्रोत्यास कळत नसे. या पत्राने ध्वनिमुद्रणांचा आणि त्यांतील वादकांचा शोध गांभीर्याने घेतला. अनामिकांस त्यांचे नाव परत देणे हा आमच्या मते निव्वळ छंद नव्हे. तो न्याय आहे.

तथापि या पत्राची दृष्टी एकांगी होती. न्यू ऑर्लिन्सचे जुने जॅझ तेवढे अस्सल आणि मोठ्या वृंदांचे ‘स्विंग’ बाजारू, असा त्याचा कल. या निष्ठेला फळही आले: दात गेल्याने वादन सुटलेल्या व विस्मरणात गेलेल्या बंक जॉन्सन या वृद्ध ट्रम्पेटवादकाचे वादन विल्यम्स यांनी १९४२ मध्ये ध्वनिमुद्रित केले. परंतु शुद्धतेचा आग्रह जेव्हा तुच्छता बनतो, तेव्हा समीक्षकाचे कान बंद होतात. १९४० च्या मार्चमध्ये ड्यूक एलिंग्टन यांनी ‘कन्चेर्टो फॉर कूटी’ ध्वनिमुद्रित केले. कूटी विल्यम्स हे त्यांच्याच वृंदातील ट्रम्पेटवादक. प्रमुखाने सहकाऱ्याचे नाव रचनेच्या शीर्षकातच गोवले! या पत्राला जो न्याय हवा होता, तो त्याला संशयास्पद वाटणाऱ्या मोठ्या वृंदाच्या गोटातच घडत होता.

स्नानसंस्काराच्या नोंदवहीत श्रीमंत-गरीब प्रत्येकाचे नाव सारख्याच शाईने लिहिले जाते. लहान नियतकालिकांनी तसेच लिहावे. मात्र कोणाचे नाव अस्सल, हे आधीच ठरवून बसू नये. ‘जॅझ इन्फर्मेशन’ने पहिले साधले, दुसरे त्यास साधले नाही. आमच्यासारख्या लहान पत्रांच्या लेखक-वाचकांनी हे दोन्ही ध्यानात ठेवावे.