वातावरण, वारे आणि समीक्षेची परिभाषा

कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, भाषाशैली असे घटक पाडून कादंबरीचे विवेचन करण्याची रीत मराठी समीक्षेत आणि विद्यापीठीय अध्यापनात रूढ आहे. यांपैकी 'वातावरण' हा इंग्रजीतील 'अ‍ॅटमॉस्फिअर'चा पर्याय होय. ग्रीकमधील 'वाफ' आणि 'गोल' या अर्थांच्या शब्दांतून सतराव्या शतकात घडलेली ही शास्त्रीय संज्ञा पुढे कलाविचारात लाक्षणिक अर्थाने वापरली जाऊ लागली. मराठीत ती 'वात' आणि 'आवरण' अशी अवतरली आणि ऊन, वारा, पाऊस यांना कृतीभोवतीचे आवरण मानण्याची सवयही तिच्याबरोबर रुजली. नांदेड-लातूरसारख्या पावसावर विसंबलेल्या प्रदेशातील साहित्य वाचताना ही सवय तपासून घेणे अगत्याचे आहे.

मात्र हा प्रश्न परकीय शब्दांच्या हद्दपारीचा नव्हे. अरबीतील 'मौसिम' म्हणजे ठरलेला काळ. हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत 'मोसम' झाला. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यात उर्दू शिक्षणाने तो अधिकच दृढ केला. तोच शब्द अरबी समुद्रावरून पोर्तुगीज व इंग्रजीमार्गे 'मान्सून' होऊन परतला. खुश्कीच्या मार्गाने आलेल्या शब्दात काळाचा अर्थ टिकला, तर सागरी मार्गाने आलेल्या शब्दात वाऱ्याचा. 'हवामान' हा तर अरबी आणि संस्कृत अंशांचा जोडशब्द. शब्दाचे कूळ शोधून त्याचे देशीपण ठरत नाही, ते एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

खरा भेद वाक्यरचनेत आहे. या भागात आभाळ येते, वारं सुटते, वारं पडते. पाऊस ओढ देतो, उघडीप देतो, दडी मारतो. येथे निसर्ग क्रियापदाचा कर्ता आहे. उलट 'कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला' किंवा 'उष्णतेची लाट आली' या इंग्रजी वळणाच्या प्रयोगांत नामे पुढे येतात. समुद्र नसलेल्या लातुरात उष्णता लाटेने मोजली जाते! अर्थात या संज्ञेला शास्त्रीय काटेकोरपणा आहे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस आणि सरासरीहून किमान ४.५ अंश अधिक असणे, हा तिचा एक निकष होय.

तथापि इंग्रजी शब्द मुळातच निर्जीव होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ब्यूफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बसवलेली वाऱ्याची श्रेणी जहाजाला किती शिडे पेलतील यावर आधारलेली होती. 'सायक्लोन' ही संज्ञा कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनने रूढ केली, ती खलाशांसाठी १८४८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकातून. ब्यूफर्टचा शून्य आणि खळ्यावर उफणणी थांबवणारे 'वारं पडलं' हे दोन्ही श्रमाच्या अनुभवातून आलेले शब्दप्रयोग आहेत. भाषांतरात संज्ञा आली; तिच्यामागचा श्रम मात्र मागे राहिला.

काव्याच्या अध्यापनातही हेच घडते. शेलीने १८१९ मध्ये लिहिलेल्या पश्चिम वाऱ्यावरील कवितेतील 'ऑटम'ला 'शरद' म्हटले की मराठी वाचकासमोर निरभ्र आकाश आणि कोजागिरी उभी राहते. पानगळ त्याच्या लेखी शिशिरातली. शिवाय सह्याद्रीवर रिता होऊन पर्जन्यछायेत उतरणारा पश्चिमेचा वारा येथे, संहारक असण्यापूर्वी, ज्याची वाट पाहावी असा असतो.

म्हणून समीक्षेला एक साधी कसोटी लावता येईल. कृतीतून पाऊस काढून घेतला तर कृती उभी राहते काय? ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' (१९६७) किंवा सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००२) या कसोटीवर पाहिल्या, तर पाऊस तेथे पार्श्वभूमी नसून कर्ता आहे हे ध्यानात येते. त्याची अनुपस्थितीदेखील कृतीच असते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा न आलेला पाऊसच या शहराच्या जीवनातील मुख्य घटना होता. अशा अनुभवाचे साहित्य 'वातावरणनिर्मिती'च्या रकान्यात टाकणे म्हणजे त्यातील मुख्य पात्रच वगळणे होय.