वारसदाराची जन्मकथा

कादंबरीवरून चित्रपट निघतो, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. गो. नी. दांडेकरांची कादंबरी आधी होती, 'जैत रे जैत' हा चित्रपट १९७७ साली मागाहून आला. अमेरिकेत याच्या उलटा व्यवहारही जुना आहे. तेथे पटकथा आधी तयार होते, ती एखाद्या लेखकाच्या हाती दिली जाते आणि चित्रपट झळकण्याच्या सुमारास तिची कादंबरी दुकानात मांडलेली असते. पात्रे लेखकाची नसतात, कथानक त्याचे नसते आणि शेवट बदलण्याची मुभाही त्याला नसते. म्हणून समीक्षक अशा पुस्तकाकडे ढुंकून पाहत नाहीत. आपले विद्यार्थी मात्र ती वाचतात. आमच्या महाविद्यालयातील तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून 'बॅटमॅन बिगिन्स' उचलले आणि त्यावर निबंध लिहून आणला. बॅटमॅन हा शोषितांच्या बाजूने उभा राहणारा नायक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. तो हसण्यावारी नेण्यासारखा मला वाटला नाही. मी ते पुस्तक मागून घेतले.

चित्रपट २००५ सालचा, क्रिस्टोफर नोलन यांचा. पटकथा नोलन आणि डेव्हिड गॉयर यांची. त्याच वर्षी आलेली कादंबरी लिहिली डेनिस ओ'नील यांनी. हे नाव वाचले तेव्हा मी सावरून बसलो. ओ'नील (१९३९–२०२०) हे काही पोटापाण्यासाठी कोणतेही काम घेणारे अनोळखी लेखक नव्हते. १९७० साली नील अ‍ॅडम्स या चित्रकाराबरोबर त्यांनी 'ग्रीन लँटर्न' या चित्रकथेचा एक अंक लिहिला. त्यात एक म्हातारा काळा माणूस त्या हिरव्या वेषातल्या सुपरहिरोला गाठतो आणि विचारतो की, परग्रहांवरच्या निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातडीच्या लोकांसाठी तू पुष्कळ धावलास, मग याच पृथ्वीवरच्या काळ्या कातडीच्या माणसांसाठी काय केलेस? नायकाजवळ उत्तर नसते. तो मान खाली घालतो. आपल्याकडे दलित पँथर स्थापन झाली ती यानंतर दोन वर्षांनी. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव शोधण्याचे कारण नाही, पण प्रश्न विचारण्याची ती रीत आपल्या ओळखीची आहे. असा प्रश्न ज्याने लिहिला, त्याच्याच हाती पस्तीस वर्षांनी बॅटमॅनची जन्मकथा आली. तेव्हा त्या म्हाताऱ्याचा प्रश्न या पुस्तकालाच विचारून पाहणे गैर ठरू नये.

कथा थोडक्यात अशी. गोथम नावाच्या शहरात वेन हे गडगंज घराणे. मुलगा ब्रूस लहान असताना त्याच्या डोळ्यांदेखत आईबापांचा खून होतो. खुनी जो चिल हा एक कंगाल माणूस. मोठा झालेला ब्रूस परागंदा होतो, पूर्वेकडे जाऊन युद्धविद्या शिकतो, परत येतो आणि वटवाघळाचा मुखवटा चढवून गुन्हेगारीविरुद्ध लढतो. पुस्तक या सांगाड्यालाच धरून चालते.

आता या कथेत दारिद्र्य कोठून येते ते पाहावे. गोथममध्ये मंदी आलेली असते. ब्रूसचे वडील डॉक्टर, दानशूर. ते लोकांसाठी स्वस्त रेल्वे बांधतात आणि तिचे मुख्य ठाणे असते वेन घराण्याचाच उंच मनोरा! चिलच्या बाजूने साऱ्या कथेत एवढेच बोलले जाते की, मंदीचा फटका कष्टकऱ्यांना बसला होता आणि त्याने हे कृत्य लोभाने केले नाही, तर हलाखीने केले. तेही तो स्वतः बोलत नाही, न्यायालयात सरकारी वकील बोलतो. चिल दोनचार शब्दांत पश्चात्ताप व्यक्त करतो आणि लगेच गोळी खाऊन मरतो. पुढे तर असा उलगडा होतो की, ही मंदीच मुळी एका गुप्त संघटनेने शस्त्रासारखी वापरली होती! म्हणजे ज्या व्यवस्थेत एका घराण्याचा मनोरा शहराच्या मधोमध उभा राहतो, त्या व्यवस्थेचा दारिद्र्याशी काही संबंध उरला नाही. दारिद्र्य बाहेरून आले, परक्यांनी आणले. वेन पतिपत्नींच्या मृत्यूने शहरातले धनिक हादरले आणि कामाला लागले, असेही कथा सांगते. गरिबांच्या उपासमारीने ते का हादरले नव्हते, हे मात्र ती सांगत नाही.

यापुढचा भाग आपल्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल, कारण तो अनुभवाच्या प्रश्नाशी भिडतो. फाल्कोन नावाचा गुंडांचा म्होरक्या ब्रूसला तोंडावर सुनावतो की, तू श्रीमंताचा पोर, हलाखी म्हणजे काय हे तू कधी चाखलेलेच नाहीस. या कथेतले मला सर्वांत खरे वाटलेले बोलणे एका गुंडाच्या तोंडी आहे. ब्रूसला ते झोंबते. बाहेर येऊन तो शेकोटीशी उभ्या असलेल्या एका बेघर माणसाला पैसे देतो, आपला उंची कोट त्याला देतो, त्याचा फाटका कोट स्वतः चढवतो आणि जहाजात बसून निघून जातो. सात वर्षे तो भुकेलेल्यांत, चोरांत, कैद्यांत वावरतो. चोरीच्या ज्या मालासह तो पकडला जातो, त्या खोक्यांवर त्याच्याच कंपनीचा शिक्का असतो. स्वतःचीच मालमत्ता चोरून गुन्हेगार होता येणे, ही सोय जगात किती जणांना असेल? पुढे त्याला न्यायला घरचे खासगी विमान येते.

सवर्ण लेखकाला दलित साहित्य लिहिता येईल काय, यावर आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. सहानुभूती आणि अनुभूती यांतील अंतर आपण नाना प्रकारे मांडले. माझ्या मते त्या वादाला या कोटाइतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. भूक दोघांनाही लागते, ब्रूसलाही आणि त्या बेघरालाही. त्या भुकेची वेदना खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. पण एकाच्या भुकेला परतीचे तिकीट आहे. ते तिकीट खिशात असले की भूक ही शिकवण होते, साधना होते, नायकाच्या घडणीतला एक टप्पा होते. ते नसले की भूक ही नुसती भूक असते आणि तिची जन्मकथा कोणी लिहीत नाही.

त्या बेघर माणसाचे पुढे काय होते? सात वर्षांनी बॅटमॅन झालेला ब्रूस गोदीत त्याला पुन्हा पाहतो. तोच माणूस, अंगावर तोच कोट. बॅटमॅन कोटाची तारीफ करतो आणि नाहीसा होतो. चित्रपटगृहात येथे हशा पिकतो. मला हसू आले नाही. माझ्या आजीला ज्या घरांतून जुनेर मिळे, त्या घरांतल्या बायका नंतर तिच्या अंगावरचे आपले लुगडे ओळखीत आणि तसे बोलूनही दाखवीत. (बाबासाहेबांच्या प्रत्येक पुतळ्यावर कोट का असतो, असे नाक मुरडून विचारणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो.) सात वर्षांत एक जण बॅटमॅन झाला आणि दुसरा होता तेथेच राहिला. हे अंतर कथेला विनोदापुरते दिसते. त्या माणसाला नावही नाही.

आणखी एक निनावी माणूस आहे. हिमालयातल्या मठात ब्रूसचे शिक्षण पुरे होते, तेव्हा परीक्षा म्हणून त्याच्यापुढे एक कैदी आणला जातो आणि त्याचे मुंडके उडवण्याची आज्ञा होते. कैद्याची ओळख एवढीच की, तो शेतकरी होता, शेजाऱ्याची जमीन बळकावण्याच्या नादात त्याने खून केला. ब्रूस नकार देतो. आपण जल्लाद नाही, या माणसाचा रीतसर न्याय झाला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. इथवर मी त्याच्या बाजूने आहे. पण लगेच तो मठाला आग लावतो, दारूगोळा पेट घेतो, सारा मठ उडतो. त्या गदारोळात ब्रूस वाचवतो कोणाला, तर आपल्या गुरूला. शेतकऱ्याचे काय झाले हे चित्रपटात कोणी विचारत नाही. ज्याच्या जिवावरून तत्त्वाचा एवढा प्रसंग उभा राहिला, तो तत्त्व सिद्ध होताच निकामी झाला! मराठवाड्यातला कोणताही विद्यार्थी येथे पहिला प्रश्न विचारील की, जमीन मुळात कोणाची होती? सातबारा कोणाच्या नावे होता? गायरान होते की सावकाराने गिळलेले रान?

कादंबरीला येथे वाव होता. पडद्यावर दोन तासांत जे बसत नाही, ते पानांवर बसते. माणसाच्या मनात शिरण्याची मुभा हीच कादंबरीची मिरास. ओ'नील यांनी ती वापरलीही आहे. मठाचा अधिपती रास अल गुल याच्या रोजनिशीतले उतारे त्यांनी पुस्तकात घातले आहेत. हे पात्र त्यांनीच १९७१ साली चित्रकथेसाठी निर्माण केले होते, तेव्हा त्याच्यावर त्यांचा जीव असणे साहजिक आहे. तो खलनायक आहे, पण त्याला विचार आहे, भूतकाळ आहे, स्वतःचा आवाज आहे. शहरे जाळू पाहणाऱ्याला रोजनिशी मिळते आणि जो चिलला मिळत नाही. मध्यमवर्गीय वाङ्मयाशी आपले भांडण होते ते याहून वेगळे नव्हते.

ओ'नील यांना एकट्याला दोषी धरणे मला पटत नाही. या धंद्यात लेखकाची किंमत काय असते, ते बॅटमॅनच्याच खऱ्या जन्मकथेवरून कळते. १९३९ साली हा नायक बॉब केन आणि बिल फिंगर या दोघांनी मिळून उभा केला. निर्माता म्हणून नाव लागत राहिले एकट्या केन यांचे. फिंगर १९७४ साली वारले आणि त्यांना अधिकृत श्रेय मिळू लागले ते २०१५ पासून. २००५ च्या या चित्रपटावरही त्यांचे निर्माता म्हणून नाव नाही. पण ओ'नील यांना दुसरे काही सुचत नव्हते असे नव्हे. १९७६ साली त्यांनीच एका चित्रकथेत लेस्ली थॉम्पकिन्स नावाची बाई आणली होती. आईबापांच्या प्रेतांशेजारी उभ्या असलेल्या पोराला त्या कथेत ही बाई जवळ घेते आणि ती राहते त्याच बदनाम वस्तीत. चित्रपटात ही बाई नाही. त्या पोराचे सांत्वन करणारा आता पोलीस आहे, गॉर्डन. वस्तीचा हात काढून घेतला आणि त्या जागी कायद्याचा हात ठेवला. ओ'नील यांना स्वतःच्याच पुस्तकात मागून आलेल्याचे हे बस्तान मांडावे लागले.

मला सर्वांत जास्त थांबवले ते बॅटमॅनच्या गुहेने. वेन वाड्याखाली ही गुहा आहे. म्हातारा चाकर आल्फ्रेड सांगतो की, ब्रूसच्या खापरपणजोबांनी गुलामांना गुपचूप उत्तरेकडे पोहोचवण्याच्या कामी हिचा उपयोग केला होता. एक वाक्य, आणि कथा पुढे सरकते. म्हणजे ही गुहा बॅटमॅनच्या आधी पळालेल्या गुलामांची होती. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील ज्या लोकांना अर्पण केली, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले लोक होते. त्या मुक्तिमार्गाचा खरा इतिहास मात्र नुसत्या उदार घरमालकांचा नाही. त्यात स्वतः गुलामीतून पळालेली आणि पुन्हा पुन्हा परत जाऊन इतरांना सोडवणारी हॅरिएट टबमन आहे. फिलाडेल्फियाचा काळा कार्यकर्ता विल्यम स्टिल आहे. पळून आलेल्या प्रत्येकाला तो विचारी की, तू कोठला, तुझे आईबाप कोण, का पळालास, आणि ते लिहून ठेवी. असेच १८५० साली आलेल्या एका प्रौढ माणसाला विचारता विचारता त्याला उमगले की, हा तर गुलामीत मागे राहिलेला आपला सख्खा भाऊ, पीटर! त्या नोंदींचे जाडजूड पुस्तक १८७२ साली निघाले. त्याचे प्रत्येक पान ही एक जन्मकथा आहे. गोथमच्या गुहेत मात्र श्रेय खापरपणजोबांचे आणि काळोख त्या गुलामांचा.

येथे आपणही थोडे आपल्याकडे पाहू. जयंतीच्या व्यासपीठावरून आपण जी भाषणे करतो, त्यांचा साचा कोणता असतो? एक महापुरुष, त्याचे हाल, त्याची जिद्द, त्याची पदव्यांची यादी आणि मग समोर हात जोडून उभा असलेला समाज. १९२७ साली महाडला जे हजारो लोक चालत आले, ते त्या भाषणात आकडा म्हणून येतात. स्वतः बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीविरुद्ध स्पष्ट इशारा दिला होता. भक्तीचा हा धोका ओळखून उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगावी, घरोघरी बायकांना भेटल्या की नाही, ते मला ठाऊक नाही. त्यांनी स्टिलसारखेच प्रश्न विचारले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आपल्यापुढे ठेवले, हे मात्र खरे. आपल्या किती व्याख्यात्यांनी ते उघडले आहे?

माझ्या विद्यार्थ्याने आपल्या निबंधात रेचल डॉजचा उल्लेख फक्त नायकाची मैत्रीण एवढाच केला होता. या रेचलची आई वेन वाड्यात कामाला होती. मोलकरणीची ती मुलगी शिकते, सरकारी वकिलांच्या कचेरीत काम करते, लाचखोरांच्या शहरात मुखवटा न घालता गुंडांवर खटले चालवते. ब्रूसच्या हातातली बंदूक पाहून त्याच्या थोबाडीत मारणारीही तीच. ती शिकली कशी, फी कोणी भरली, वकिलीच्या वर्गात तिच्याशेजारी कोण बसत होते आणि कोण बसत नव्हते, हे मला वाचायचे आहे. घरातला पहिला पदवीधर म्हणून मला त्यात रस असणारच, पण शहर सुधारण्याच्या दृष्टीनेही तीच कथा अधिक कामाची आहे.

शेवटी नॅरोज या गरिबांच्या बेटावर विषारी वाफ सोडली जाते. वेड पसरू नये म्हणून पूल उचलले जातात आणि वस्ती आतल्या आत स्वतःलाच ओरबाडत राहते. गाडी वेन मनोऱ्यापर्यंत पोहोचण्याआधी रोखली जाते. बाकीचे शहर वाचते. मग दोन संवाद येतात. जळालेल्या वाड्याच्या राखेत उभा राहून ब्रूस सांगतो की, वाडा होता तसाच, विटेला वीट लावून पुन्हा बांधायचा. आणि गच्चीवर गॉर्डन बॅटमॅनला परिस्थितीचा अहवाल देताना, इतर चार गोष्टींबरोबर, सांगून टाकतो की नॅरोज हातचे गेले.